अक्षर तुमचं बिघडलेलं नाही, ताई

पत्र:

सप्रेम नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात २६ वर्षं गणित शिकवते. फळ्यावरच्या माझ्या अक्षराचं आजवर सगळ्यांनी कौतुक केलं. दिवाळीत मुलानं एक लॅपटॉप दिला. त्याचा पडदा पूर्ण मागे फिरतो आणि त्याची पाटी होते. सोबत पेनही आहे. आमच्या वर्गात आता प्रोजेक्टर आलाय, तेव्हा आईनं यावर लिहून शिकवावं अशी त्याची इच्छा. माझीही होती. पण पडद्यावर लिहिलं की अक्षर पहिलीतल्या पोराचं दिसतं. शिरोरेघ नागमोडी येते. अनुस्वार आणि दशांशचिन्हं उमटतच नाहीत. हात टेकला की पान सरकतं. परवा २.५ चं २५ झालं आणि अख्ख्या वर्गानं ते तसंच उतरवून घेतलं. मुलगा म्हणतो, सवय होईल. तीन महिने झाले, झाली नाही. आता आपलंच वय झालं की काय, असं वाटायला लागलंय. लॅपटॉप मुलाला परत देऊन टाकावा का?

उत्तर:

प्रिय ताई,

परत द्यायचा की नाही ते नंतर बघू. आधी तुमच्या पत्रातलं ते वयाचं वाक्य खोडून टाका. तुमच्या तक्रारी तीन आहेत, तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत आणि त्यातलं एकही तुमच्या हातात किंवा वयात नाही. मी मुद्रितं तपासते. २००९ सालापासून पडद्यावर पेनानं खुणा करण्यात माझे दिवस गेले आहेत. पहिल्या वर्षी मलाही माझं अक्षर ओळखू येत नव्हतं, आणि तेव्हा मी तिशीत होते.

सुरुवात अनुस्वारापासून करू, कारण तुमच्या वर्गाचं नुकसान तिथे झालंय.

कागदावर बॉलपेनचं टोक नुसतं टेकलं तरी शाई लागते. या पेनाच्या टोकामागे दाब मोजणारा भाग असतो आणि ठरावीक दाब पडल्याशिवाय पेन ‘लिहायला सुरुवात झाली’ असं मानतच नाही. हा उंबरठा काही पेनांत अगदी कमी असतो, काहींत बराच जास्त. रेघ ओढताना हात आपोआप दाबला जातो, म्हणून रेघ उमटते. टिंब देताना मात्र आपण टोक टेकवतो न टेकवतो तोच उचलतो. अनुस्वार, दशांशचिन्ह, गुणाकाराचं टिंब, विकलजावरची (डेरिव्हेटिव्हवरची) बारीक तिरकी खूण, हे सगळं त्या उंबरठ्याखाली राहून जातं.

त्यात आणखी एक भर असते. बहुतेक प्रोग्रॅममध्ये दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक होते. चित्रकाराला ते हवंच असतं. गणिताच्या शिक्षिकेला त्याचा त्रासच होतो, कारण हलक्या हातानं दिलेलं टिंब उमटलं तरी इतकं बारीक उमटतं की प्रोजेक्टरवर दिसत नाही. तुमचं २.५ बहुधा असंच २५ झालं असणार.

म्हणून पहिलं काम, दाबाची ही सोय बंद करा. वननोट हा मायक्रोसॉफ्टचा टिपणांचा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्याच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड या भागात पेन प्रेशर सेन्सिटिव्हिटीची चौकट आहे, तिथली खूण काढा. झुर्नल प्लस प्लस हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्यातही ही सोय बंद करता येते. मग जाडी थोडी वाढवा. वहीत शोभेल त्यापेक्षा दीडपट जाड रेघ प्रोजेक्टरवर बरोबर दिसते. लॅपटॉपच्या कंपनीचं पेनासाठी वेगळं सेटिंग असेल तर त्यात दाबाची पट्टी ‘सॉफ्ट’कडे न्या. म्हणजे टिंबासाठी टोक रुतवावं लागणार नाही. आणि टोक जरा जास्त वेळ टेकलं की त्याभोवती गोल कडं उमटत असेल, तर लॅपटॉप तुमच्या टिंबाला माउसचं उजवं बटण समजतोय. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पेन अँड टच’ उघडून ‘प्रेस अँड होल्ड’ बंद केलं की ते थांबतं.

एवढं करूनही टिंबं सुटत असतील तर हाताला एक छोटी सवय लावा. टिंब ठोकू नका, फिरवा. तांदळाच्या दाण्याएवढं वेटोळं. मी मुद्रितांवर अनुस्वार वाढवताना अजूनही असंच करते. दशांशचिन्हासाठी तर हा नियमच करून टाका.

आता हात टेकल्यावर सरकणारं पान. इथे एक बारकावा आहे, जो मला कुणी सांगितला नव्हता, म्हणून तुम्हाला नीट सांगते. पेनाचं टोक काचेपासून साधारण सेंटीमीटरभर अंतरावर आलं की लॅपटॉपला ते दिसायला लागतं, आणि तेव्हापासून तो बोटांच्या स्पर्शाकडे दुर्लक्ष करायला लागतो. म्हणजे टोक आधी दिसायला हवं आणि तळवा नंतर टेकायला हवा. कागदावर आपण नेमकं उलटं करतो. आधी हाताची कड कागदावर टेकवतो, बस्तान बसवतो, मग पेन खाली आणतो. पडद्यावर तसं केलं की त्या मधल्या क्षणात तळव्याला लॅपटॉप बोट समजतो आणि पान ढकलतो.

क्रम बदलून बघा. टोक आधी, हात मागून. दोन दिवस लक्ष ठेवून करावं लागतं, मग आपोआप होतं. विंडोजच्या पेनाच्या सेटिंगमध्ये पेन चालू असताना स्पर्शाकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. तुम्ही उजव्या हातानं लिहिता की डाव्या, हेही तिथे सांगता येतं. तरीही पान हलत असेल तर तासापुरता स्पर्शच बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘एचआयडी-कंप्लायंट टच स्क्रीन’ असं नाव दिसेल. त्यावर उजवं बटण दाबून डिसेबल केलं की पडदा फक्त पेनाचंच ऐकतो. मी काम करताना तो कायम बंदच ठेवते.

आणि पाटल्या. तुम्ही लिहिलेलं नाही, पण वर्गात जाताना हातात बांगड्या असतीलच. हाताला चिकटलेला धातू काचेला लागला तर पडद्याला तो बोटासारखाच भासतो. काचेच्या बांगड्यांनी तसं होत नाही, पण त्या वाजतात आणि लिहिताना मधे येतात. लिहिणाऱ्या हातातल्या बांगड्या तासाभरासाठी वर सारा किंवा काढून ठेवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामानं हात काचेला चिकटून ओढला जातो, त्यासाठी सुती रुमालाची चौघडी हाताखाली घ्या. चित्रकलेचे शिक्षक हाताखाली कागद ठेवून लिहीत, तसंच.

राहिली शिरोरेघ. यावर जरा जास्त बोलते, कारण हे दुःख देवनागरीत लिहिणाऱ्यांचं खास आहे. रोमन लिपीत लिहिणाऱ्याला शब्दागणिक लांब आडवी रेघ मारावी लागत नाही. आपल्याला मारावी लागते, आणि यंत्राचं सगळं कच्चेपण त्या रेघेत उघडं पडतं.

पडद्यात उभ्या-आडव्या तारांचं किंवा पट्ट्यांचं बारीक जाळं असतं. पेन कोणत्या पट्टीजवळ आहे हे यंत्राला कळतं, पण दोन पट्ट्यांच्या मधे ते नेमकं कुठे आहे हे अंदाजानं काढावं लागतं. अंदाज थोडा चुकतो, पुढच्या पट्टीशी पुन्हा जुळतो, पुन्हा थोडा चुकतो. पेन हळू चालत असेल तर ही चूक लाटेसारखी दिसते. भरभर चालत असेल तर दिसतही नाही. म्हणून जी माणसं जपून, सुबक लिहितात त्यांचंच अक्षर पडद्यावर जास्त बिघडतं. तुमचं तसंच झालंय.

आजच एक चाचणी घ्या. लाकडी पट्टी पडद्यावर तिरकी ठेवा, चाळीसएक अंशांत, आणि तिच्या कडेनं अगदी सावकाश रेघ ओढा. मग तीच रेघ झटकन ओढा. सावकाश रेघ डुगडुगली आणि झटकन ओढलेली सरळ आली, तर दोष यंत्राच्या जातीचा आहे. दोन्ही सरळ आल्या तर उपाय फक्त बसण्यात आणि काचेत शोधायचा. दोन्ही डुगडुगल्या तर पेनाचं टोक किंवा सेल तपासा. आणि ही चाचणी पडद्याच्या मधोमध आणि काठाशी अशी दोन्हीकडे घ्या, कारण काही जातींत मधे रेघ सुतासारखी येते आणि काठाशी वाकते.

जाती म्हणते, कारण पेनं सगळी एक नाहीत. एका जातीत पडद्यामागे एक पत्रा असतो, तो चुंबकीय लहरी सोडतो आणि पेनातलं वेटोळं त्यावरच चालतं. या पेनाला सेल लागत नाही, टोक हलकं चालतं, टिंबं सुटत नाहीत. वॅकॉम कंपनीची ही पद्धत, जुन्या थिंकपॅडच्या फिरत्या पडद्याच्या लॅपटॉपमध्ये आणि सॅमसंगच्या नोट फोनांमध्ये हीच. याला चुंबक मात्र चालत नाही, तेव्हा चुंबकाचं बटण असलेली पर्स किंवा मोबाइलचं कव्हर शेजारी ठेवू नका. दुसऱ्या जातीत पेन स्वतः वीज वापरून पडद्याच्या स्पर्शाच्या जाळ्यालाच इशारा देतं. त्याला बारीक सेल किंवा चार्जिंग लागतं. मायक्रोसॉफ्टच्या सर्फेस प्रोची पहिली दोन मॉडेल पहिल्या जातीची होती, २०१४ च्या तिसऱ्यापासून त्यांनी दुसरी जात धरली. आज बहुतेक उलट्या फिरणाऱ्या लॅपटॉपमध्ये ही दुसरीच जात असते, आणि तिच्यातही परस्परांना न चालणाऱ्या पोटजाती आहेत. हे एवढं सांगायचं कारण, बाजारात जाऊन ‘चांगलं पेन द्या’ म्हणू नका. लॅपटॉपच्या मॉडेलचा नंबर घेऊन त्यालाच चालणारं पेन मागा. रबरी बोंडाची स्वस्त पेनं तर घेऊच नका, ती म्हणजे लांब केलेलं बोट, दुसरं काही नाही.

शिरोरेघेला उपाय आहेत. पहिला, पान दीडपट मोठं करून लिहा. डुगडुग तेवढीच राहते, पण अक्षर मोठं झाल्यामुळे तिचं प्रमाण कमी होतं, आणि पान परत लहान केलं की ती नजरेतही येत नाही. दुसरा, शब्द पूर्ण करून मग त्यावर एका झटक्यात रेघ मारा, अक्षरागणिक तुकडे जोडत जाऊ नका. तिसरा मला सगळ्यात आवडतो. मोडी लिहिणारे आधी ओळभर रेघ आखून घेत आणि मग तिला अक्षरं लटकवत. तुमच्या प्रोग्रॅममध्ये पानामागे रेघा आखायची सोय आहे. त्या जरा ठळक करा आणि शब्द त्यांना लटकवून लिहा. आपली अक्षरं रेघेवर बसत नाहीत, रेघेला लोंबतात. आखलेली रेघ सरळच असते, तेव्हा तीच शिरोरेघ होते. गणिताच्या तासाला मराठी तशीही ओळ-दोन ओळीच लिहायची असते, ‘समजा’, ‘म्हणून’, ‘सिद्ध झाले’. ते असं लिहून बघा, पडदा एकदम शांत दिसतो.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. फळ्यावरचं तुमचं अक्षर खांद्यातून येतं. उभं राहून, हात मोकळा सोडून, हातभर लांबीची ओळ तुम्ही २६ वर्षं लिहिलीत. पडद्यावर तुम्ही बसून, मान घालून, मनगटातून लिहिताय आणि त्या अक्षराची फळ्याच्या अक्षराशी तुलना करताय. तुमच्या वहीतलं अक्षर आणि फळ्यावरचं अक्षर शेजारी ठेवून बघा, तीही दोन वेगळी दिसतील. तेव्हा पडद्यावर वही लिहू नका, फळा लिहा. पान मोठं करा, एका वेळी दोन-तीन ओळीच पडद्यावर ठेवा, कोपर मोकळं सोडा, आणि अक्षर अंगठ्याच्या पेराएवढं काढा. जागेची काटकसर नको. या फळ्याला खालचं टोक नाही आणि पुसावंही लागत नाही.

त्यासाठी लॅपटॉप नीट ठेवावा लागेल. उभ्या पडद्यावर लिहू नका, तो डुलतो आणि दंड भरून येतो. पडदा पूर्ण मागे फिरवा. कीबोर्ड खाली जाईल, तो आपोआप बंद पडतो, पण बटणं टेबलावर घासू नयेत म्हणून खाली कापड घाला. आणि पलीकडच्या कडेखाली एक जाड पुस्तक सरकवा. पेढीवरच्या मुनिमांचं डेस्क उतरतं असायचं, तेवढा उतार पुरे. पाटीसारखा हातात धरून शिकवायचा मोह होईल. दीड-एक किलो वजन तासभर डाव्या हातावर धरवत नाही, मी करून पाहिलंय, आणि मग दोन दिवस मनगट दुखलं.

टोक जिथे टेकतं त्याच्या बाजूला रेघ उमटत असेल तर ‘टॅब्लेट पीसी सेटिंग्ज’मध्ये कॅलिब्रेट करून घ्या. ते करताना अगदी वरून वाकून बघू नका. वर्गात जसं बसता तसंच बसून करा, कारण काचेच्या जाडीमुळे तिरकं पाहिलं की टोक आणि रेघ यांत अंतर दिसतं.

काच फारच निसरडी वाटत असेल तर खरखरीत फिल्म मिळते. पेनाला पकड येते, लिहिताना कागदासारखा आवाजही येतो. पण पडदा थोडा धूसर होतो आणि टोक घासून बोरूसारखं तिरपं होतं. जास्तीची टोकं घेऊन ठेवावी लागतात, आणि तिरपं टोक तसंच वापरलं तर फिल्मवर चरे पडतात. मी म्हणेन, महिनाभर फिल्मशिवाय काढा.

एक गोष्ट सवय लागण्याआधीच करायला घ्या. आठवड्याला एकदा सगळ्या टिपणांचं पीडीएफ करून वेगळं ठेवा. मी पहिल्या लॅपटॉपवर तीन वर्षांची टिपणं एका प्रोग्रॅममध्ये लिहिली. तो प्रोग्रॅम पुढे बंद झाला आणि त्या फायली आज माझ्याकडे आहेत, पण उघडत नाहीत. एका कोशाच्या कामातल्या नोंदी होत्या त्या, माझ्या हातच्या. अजून वाईट वाटतं. पीडीएफ मुलांना व्हॉट्सॲपवरही पाठवता येईल, आणि २.५ ऐवजी २५ उतरवलेल्या मुलांना बरोबर पानही मिळेल. हस्ताक्षराचं छापील अक्षरांत रूपांतर करणाऱ्या सोयींच्या मागे सध्या लागू नका. मराठी आणि गणित एका ओळीत आलं की त्या गोंधळतात, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही.

तर, परत द्यावा का? आत्ता नाही. पंधरा दिवस वर सांगितल्याप्रमाणे लिहून बघा, आणि पहिला आठवडा वर्गात नाही, घरी, बारावीची एकच सिद्धता रोज एकदा. पंधरा दिवसांनंतरही मोठ्या केलेल्या पानावर रेघ डुगडुगत असेल तर हे यंत्र लिहून शिकवायला कमी पडतं, असं मुलाला स्पष्ट सांगा. तरीही मुलांनी पाठवलेल्या उत्तरपत्रिकांच्या पीडीएफवर लाल पेनानं खुणा करायला ते उत्तम आहे, तिथे नागमोडी रेघेनं काही अडत नाही. आणि नवीन उदाहरण पहिल्यांदा सोडवताना कागदच घ्या. मीही अवघड पान आधी कागदावरच वाचते. फळाही सोडू नका. वीज गेली की तोच आहे, आणि तुमचा हात तिथे मोकळा आहे.

मुलाला एक काम सांगा. ‘सवय होईल’ म्हणण्याऐवजी एका रविवारी दोन तास शेजारी बस म्हणावं. दाब, स्पर्श, जाडी, रेघा, कॅलिब्रेशन, एवढं त्यानं तुम्ही लिहीत असताना करून द्यावं. स्वतः लिहून बघून नाही, तुमच्या हातानं लिहून बघून. लॅपटॉप त्यानं प्रेमानं दिलाय, ते दिसतंच आहे. पण तो त्यानं स्वतःच्या हातासाठी लावून दिलाय, तुमच्या नाही.

पट्टी ठेवून काढलेली ती सावकाश रेघ कशी आली ते मला नक्की कळवा. पडद्याचा फोटो पाठवलात तरी चालेल, शक्य तर मधली आणि काठाची अशा दोन्ही रेघा. लॅपटॉपचं मॉडेल मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं, तेही लिहा. म्हणजे पेन कोणतं घ्यायचं, की घ्यायचंच नाही, ते मला नेमकं सांगता येईल.

तुमची,
सदरलेखिका